'पर्क' हा शब्द उकलायचा कसा?

काही वर्षांपूर्वी एका कंपनीच्या कर्मचारी-पुस्तिकेचं मी मराठी भाषांतर केलं होतं. त्यात एक मथळा होता, 'पर्क्विझिट्स', म्हणजे पगाराव्यतिरिक्त मिळणाऱ्या सोयी. रात्र झाली होती, शेवटची चार-पाच पानं उरली होती. डोळ्यांनी तो मथळा 'प्रीरेक्विझिट्स' असा वाचला आणि हातांनी 'पूर्वअटी' असं टाइप केलं. खाली यादी होती: राहायला घर, ये-जा करायला गाडी, टेलिफोन. पुस्तिका छापून झाली, वाटून झाली. नव्याने लागलेल्या एका माणसाने ती वाचली आणि कार्यालयात जाऊन विचारलं, "माझ्याकडे गाडी नाही, घरही भाड्याचं आहे. मग मला ठेवणार की नाही?"

त्याला जे मिळायचं होतं, ते त्याच्याकडे आधीपासून असलं पाहिजे असा अर्थ मी करून ठेवला होता. हे माझ्यापर्यंत आलं तेव्हा मला मनापासून वाईट वाटलं. त्या माणसाने दोन रात्री काळजीत काढल्या असतील, त्या माझ्या एका शब्दामुळे. तेव्हापासून या शब्दाचा मी नीट पाठपुरावा केला. तो कसा उकलायचा ते इथे लिहिते आहे. रीत दुसऱ्या शब्दांनाही चालेल, पण 'पर्क' नोकरी करणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला येतो, म्हणून त्याच्यावरच हात बसवू.

आधी शब्द पूर्ण लिहून काढा

'पर्क' हा अर्धा शब्द आहे. पूर्ण शब्द 'पर्क्विझिट'. बोलताना लांबलचक शब्दाचं शेपूट गळालं आणि डोकं तेवढं राहिलं. हे एकोणिसाव्या शतकात झालं. मूळ शब्दात 'क्यू' आहे, 'के' नाही, म्हणून छोटं रूपही कुठेकुठे 'क्यू'नेच लिहिलेलं सापडतं. 'के' नंतर उच्चाराच्या ओढीने रुळला. आखूड झालेल्या शब्दाचं मूळ शोधताना ही पहिली अडचण येते. आज दिसणाऱ्या अक्षरांवर विसंबलात तर पुढचा शोध चुकीच्या घरात शिरतो.

आता माझ्या चुकीचे दोन शब्द शेजारी ठेवा. पर्क्विझिट: पी, ई, आर आणि लगेच क्यू. प्रीरेक्विझिट: पी, आर, ई, मग पुन्हा आर, ई आणि मग क्यू. पहिल्याची सुरुवात 'पर', दुसऱ्याची 'प्री'. 'प्री' म्हणजे आधी. आधी काय लागतं ते सांगणारा शब्द प्रीरेक्विझिट. हा फरक मी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून टेबलासमोर लावला होता, तो अजून तिथे आहे. इंग्रजीत लिहिणाऱ्यांचीही या दोन शब्दांत गल्लत होते, त्यामुळे मूळ मजकुरातच चुकीचा शब्द असण्याची शक्यता धरून चाला. मथळा काहीही म्हणो, खालची यादी वाचा. यादीत पदवी, अनुभव, परवाना असेल तर ती अट आहे. गाडी, घर, फोन असेल तर तो पर्क आहे. मी त्या रात्री यादी मथळ्याशी ताडून पाहिली असती तर एवढं पुरलं असतं.

मग सांधा शोधून शब्द फोडा

पर्क्विझिट हा लॅटिनमधून आला. त्याचे दोन तुकडे: 'पेर' आणि 'क्वेरेरे'. क्वेरेरे म्हणजे शोधणे, मागणे. पेर म्हणजे आरपार, पुरतं, कसून. संस्कृतातला 'परि' हा उपसर्ग याच कुळातला आहे. परिपूर्ण, परिपक्व यांतला 'परि' आठवला की 'पेर' लक्षात राहतो. दोन्ही मिळून अर्थ झाला कसून शोधणे, आणि जे शोधून हाती आलं ते 'पेर्क्विसितुम'. मध्ययुगीन लॅटिनमध्ये त्याचा अर्थ मिळकत, प्राप्ती असा स्थिरावला.

क्वेरेरेची बाकीची पोरंबाळं तुमच्या ओळखीची आहेत. क्वेश्चन, क्वेरी, क्वेस्ट, इन्क्वायरी, रिक्वेस्ट. ॲक्वायर म्हणजे मिळवणं, तोही यातलाच. एक्सक्विझिट म्हणजे अत्यंत सुंदर. मुळात अर्थ 'निवडून, शोधून काढलेलं'. रिक्वायर यातलाच, आणि त्याच्यामार्फत प्रीरेक्विझिटसुद्धा. म्हणजे ज्या दोन शब्दांनी मला फसवलं ते सख्खे नसले तरी चुलत भाऊ निघाले. एकाच्या पोटात 'शोधून मिळालेलं' आहे, दुसऱ्याच्या पोटात 'आधी मागितलेलं'.

भावंडं अशी एका ओळीत उभी केली की एक गोष्ट सहज दिसते: क्वेर, क्वायर, क्विझ, क्वेस्ट अशी रूपं बदलत गेली तरी 'क्यू' सुटत नाही. नवा शब्द समोर आला आणि त्याच्या मध्यभागी हा 'क्यू' दिसला की मी आधी शोधण्या-मागण्याचा अर्थ लावून पाहते. प्रत्येक वेळी जमेलच असं नाही, पण सुरुवात मिळते.

आता जुना वापर पाहा; खरा अर्थ तिथे आहे

फोड करून शब्दाची हाडं कळतात. तो कुणाच्या हातात होता, कशासाठी वापरला जात होता, हे त्याच्या जुन्या वापरातून कळतं. कोशातला व्युत्पत्तीचा कंस वाचून थांबू नका, खालची जुनी उदाहरणं वाचा. पर्क्विझिटच्या बाबतीत तर सगळी गंमत तिथेच आहे.

पंधराव्या शतकातल्या इंग्रजीत हा शब्द जमिनीच्या कायद्यात भेटतो. वारशाने न आलेली, स्वतः मिळवलेली मालमत्ता म्हणजे पर्क्विझिट. त्याच्याही आधी, इंग्लंडमधल्या जमीनदारीच्या लॅटिन हिशेबांत एक ठरलेलं सदर असे, 'पेर्क्विसिता क्युरिए', म्हणजे जमीनदाराच्या न्यायकचेरीतली प्राप्ती. दरवर्षीचा बांधील खंड वेगळ्या सदरात. या सदरात दंड, हस्तांतराची फी, कूळ वारल्यावर जमीनदाराने घ्यायचं त्याचं सगळ्यात चांगलं जनावर, असं अधूनमधून येणारं उत्पन्न.

ही दोन सदरं मनात पक्की धरा. एका बाजूला ठरलेलं, दरवर्षी तेवढंच येणारं. दुसऱ्या बाजूला त्याच हक्कामुळे, पण वरून येणारं. आजच्या पगारपत्रकात मूळ पगार आणि त्याखालचे पर्क्स यांच्यात हीच रेघ आहे. फक्त त्या काळी वरचं उत्पन्न जमीनदाराला मिळत होतं, आणि बिचाऱ्या कुळाच्या गोठ्यातून जात होतं.

सोळाव्या शतकात शब्द मालकाच्या हातून कामकऱ्याच्या हातात आला. ठरलेल्या मजुरीपेक्षा जास्तीचं, पदामुळे मिळणारं, ते पर्क्विझिट. हे बहुतेक वेळा पैशात नसायचं. कामातून जे उरतं ते काम करणाऱ्याचं, असा रिवाज होता. इंग्लंडच्या मोठ्या घरांत स्वयंपाकिणीला मांस भाजताना गळलेली चरबी मिळे, ती ती विकत असे. मालकिणीच्या खास दासीला तिचे वापरून टाकलेले कपडे मिळत. अर्ध्या जळलेल्या मेणबत्त्यांची टोकं नोकरांची. शिंप्याने कापडातून काढून ठेवलेल्या तुकड्यांना तर इंग्रजीत वेगळं नावच होतं, 'कॅबेज'. दिसायला कोबीचाच शब्द, पण दोघांचं मूळ एकच आहे असं खात्रीने सांगता येत नाही.

मला स्वतःला सगळ्यात जास्त शिकवलं ते जहाज बांधणाऱ्या सुतारांच्या 'चिप्स'नी. इंग्लंडच्या शाही गोद्यांमध्ये जहाजं लाकडाची बनत. तासताना, कापताना ढलपे पडत, तेच 'चिप्स'. ते घरी न्यायचा सुतारांना हक्क होता. चूल पेटे, शेजाऱ्याला विकता येत. हळूहळू ढलप्याचा आकार वाढू लागला. तीन फुटांपेक्षा लांब तुकडा न्यायचा नाही अशी मर्यादा होती, तर चांगलं लाकूड मुद्दाम तीन फुटांत कापलं जाऊ लागलं. अठराव्या शतकाच्या मध्यावर वरून हुकूम आला की मोळी खांद्यावर घेऊन बाहेर पडायचं नाही, काखेत मावेल तेवढंच न्यायचं. त्यावरून सुतार खवळले. फाटकावरचं ते दृश्य डोळ्यांसमोर आणा: दिवसभर राबलेला माणूस, आणि भांडण कशाचं, तर लाकूड खांद्यावर की काखेत. त्याच्या लेखी ती चोरी नव्हती, मजुरीच होती. मालकाच्या लेखी ती नासाडी होती. अखेर १८०१ मध्ये ढलपे बंद झाले आणि त्याच्या बदली रोज काही पेन्स रोख देऊ लागले.

त्या दिवशी नेमकं काय बदललं? हक्क तोच, माणूस तोच, काम तेच. पण कालपर्यंत जो पर्क होता तो आज भत्ता झाला. वस्तू होती तोवर पर्क, रोख झाली की अलाउन्स. हा फरक मी व्याख्या वाचून कधी पक्का करू शकले नव्हते, तो या सुतारांनी करून दिला.

जवळपासचे शब्दही तपासा, पण झटपट

पर्कच्या भोवती चार-पाच शब्द घुटमळत असतात. प्रत्येकाची मुळं खणत बसायची गरज नाही; एवढं पुरे.

बोनस म्हणजे लॅटिनमध्ये 'चांगला'. तो कामगिरीवर किंवा नफ्यावर मिळतो, पदाला चिकटलेला नसतो. अलाउन्स ठरावीक कारणासाठी दिलेली रक्कम. इमॉल्युमेंट हा जड शब्द कायद्यात भेटतो. त्याचं मूळ 'दळणे' या लॅटिन क्रियापदाशी जोडतात, दाढेला मोलर म्हणतात तोही त्याच जात्यातला. पद भोगल्याने होणारी सगळी प्राप्ती त्यात आली, पगारसुद्धा. १७८७ साली तयार झालेल्या अमेरिकेच्या राज्यघटनेत तो आहे. 'व्हेल्स' हा शब्द आता मेला, पण अठराव्या शतकात त्याचा मोठा जाच होता: पाहुणा निघाला की यजमानाचे नोकर ओळीने उभे राहत आणि प्रत्येकाच्या हातावर काही ठेवल्याशिवाय सुटका नसे. इंग्लंडमधले समाजसेवक आणि लेखक जोनास हॅनवे यांनी १७६० मध्ये त्याविरुद्ध लेखणी उचलली.

फ्रिंज बेनिफिट मात्र आपल्या पर्कचा अगदी जवळचा. फ्रिंज म्हणजे झालर. कापड पगाराचं, कडेची झालर सवलतींची. हा शब्दप्रयोग दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत पुढे आला. १९४२ मध्ये तिथे सरकारने पगारवाढीवर लगाम घातला, पण विमा आणि पेन्शनच्या वाजवी रकमा त्यातून वगळल्या. माणसं टिकवायची तर मालकांकडे झालर वाढवण्याचा रस्ता उरला. आज तिकडे आजारपणाचा विमा नोकरीला बांधलेला आहे त्यात या निर्णयाचा वाटा आहे. ती झालर राहिलेली नाही, कित्येकांसाठी तेच मुख्य कापड झालं आहे.

गोड गोष्टींपासून सांभाळा

'पर्क अप' म्हणजे तरतरी येणे. म्हणून पर्क म्हणजे कर्मचाऱ्याला तरतरी आणणारी गोष्ट, असं मी एका प्रशिक्षणात कानांनी ऐकलं आहे. ऐकायला छान, पण खोटं. 'पर्क अप'मधला पर्क वेगळा आणि जुना, चौदाव्या शतकापासून इंग्रजीत आहे. कॉफी 'पर्क' होते तो तिसराच. तो पर्कोलेट म्हणजे गाळणे यातून आला. तीन शब्द, तीन घरं, दारावर पाटी एकच.

सॅलरीचंही असंच. सॅलरी हा शब्द लॅटिन 'साल' म्हणजे मीठ यावरून आला, इथवर बरोबर. पण रोमन सैनिकांना पगार मिठाच्या रूपात मिळत असे, ही सर्वत्र सांगितली जाणारी कथा पुराव्यावर उभी नाही. व्युत्पत्ती फार सुबक वाटली, ऐकताक्षणी कुणाला तरी सांगावीशी वाटली, की तिथे थांबा आणि चांगला कोश उघडा. मला हे कळकळीने सांगावंसं वाटतं, कारण शिकवणारी माणसंच अशा गोष्टी सर्वांत जास्त पसरवतात.

शब्द कळला, आता नेमणूकपत्र उघडा

एवढा खटाटोप कशासाठी, तर पत्रात 'पर्क्स' या मथळ्याखाली जे लिहिलेलं असतं ते पारखता यावं म्हणून. मी प्रत्येक ओळीला प्रश्न लावते, तुम्हीही लावा.

ही गोष्ट काम करण्यासाठीच लागते का? लागत असेल तर तो पर्क नव्हे. बसायला खुर्ची, डोक्यावर हेल्मेट, कामाचा संगणक ही हत्यारं आहेत. तोच संगणक घरी नेऊन स्वतःच्या कामाला वापरायची मुभा असेल तर तेवढी मुभा पर्क.

कायद्याने ती द्यावीच लागते का? द्यावी लागत असेल तर ती तुमचा हक्क आहे. कायद्याने बांधलेली सुट्टी 'आकर्षक पर्क्स'च्या यादीत घातलेली दिसली की मला राग येतो. जे देणं भागच आहे ते भेट म्हणून दाखवायचं, यात वाचणाऱ्याची फसवणूक आहे. अशा ओळी पेन्सिलने खोडा आणि यादीत काय उरतं ते पाहा. कधीकधी फार थोडं उरतं.

रोख मिळतं का? मिळत असेल तर तो भत्ता किंवा बोनस. कोणत्या कारणाने, कधी, किती, हे आकड्यांत लिहून मागा.

पद सोडलं की जातं का? पर्कचा हा पक्का गुण आहे. तो माणसाला चिकटत नाही, खुर्चीला चिकटतो. नोकरीबरोबर मिळालेलं घर नोकरीबरोबर जातं. ते कधी रिकामं करायचं हे पत्रात आहे का, बघून घ्या. आणि करासाठी अशा वस्तूची किंमत पैशांत धरली जाते का, हे पगार सांभाळणाऱ्या विभागाला आधीच विचारा, कारण पुष्कळ देशांत ती धरली जाते.

मराठीत काय म्हणायचं

बोलताना आपण सरसकट 'पर्क्स' म्हणतो आणि त्यात वावगं काही नाही. फक्त एकच असेल तर 'पर्क' म्हणा. 'हा एक चांगला पर्क्स आहे' हे कानाला टोचतं.

लिहिताना अडचण होते. 'सवलत' म्हटलं की किंमत कमी झाली एवढाच अर्थ होतो. 'भत्ता' रोख आहे, तो सुतारांनी वेगळा करून दिला. 'वरकमाई' अक्षरशः जुळतो, पण त्याला लाचेचा वास आहे, चुकूनही वापरू नका. 'परिलब्धी' हा शब्द मला आवडतो, त्यात पेरचा नातलग 'परि' बसलेला आहे आणि 'लब्धी' म्हणजे प्राप्ती. पण तो कायद्याच्या मसुद्यात शोभेल, नव्या कर्मचाऱ्याच्या हातातल्या पुस्तिकेत अडेल. सामान्य वाचकासाठी मी फोड करूनच लिहिते: 'पगाराव्यतिरिक्त मिळणाऱ्या सोयी'. चार अक्षरं जास्त गेली तरी चालतील, कुणाची झोप जाता कामा नये.

आणखी एक वापर आहे, तो भाषांतरात हमखास बिघडतो. इंग्रजीत 'हा या कामाचा पर्क आहे' असं म्हणतात तेव्हा मालकाने काही दिलेलं असतंच असं नाही. ग्रंथपालाला नवं पुस्तक सगळ्यांच्या आधी चाळायला मिळतं. माळ्याला पहाटेची बाग एकट्याला मिळते. तिथे 'सोय', 'लाभ' काहीच बसत नाही. तिथे सरळ म्हणावं, 'या कामात हे एक सुख आहे' किंवा 'हे आपसूक पदरात पडतं'. पदरात पडणं हा आपला वाक्प्रचार शोधून मिळवण्याच्या बरोबर उलट आहे, हे मला ठाऊक आहे. पण पर्क्विझिटसुद्धा चरबीपासून मेणबत्तीच्या टोकापर्यंत आला तेव्हा शोधण्याचा अर्थ केव्हाच मागे पडला होता. जे कामाच्या ओघात हाती येतं तेच उरलं होतं.

त्या पुस्तिकेचं पुढे दुरुस्तीपत्रक निघालं. मी ते स्वतः मागून घेतलं आणि विनामोबदला करून दिलं. त्यात मथळा बदलला आणि खाली एक ओळ वाढवली, मूळ इंग्रजीत नसलेली, कंपनीची संमती घेऊन: 'या वस्तू कर्मचाऱ्याकडे आधीपासून असण्याची आवश्यकता नाही, त्या कंपनीकडून मिळतील.'